आगोटीची बेगमी आणि शेजारचे दार



आपल्यापैकी ज्यांचे बालपण अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे, मुरूड या भागात गेले, त्यांना 'आगोट' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांचे बालपण मुंबईच्या चाळीत गेले, त्यांनीही तो आजीच्या तोंडून ऐकला असेल. मृगाचा पाऊस लागण्याआधी घरात पावसाळ्याची भर करून ठेवायची, ती आगोट. तांदूळ, डाळी, मीठ, मिरची, कांदे, चिंच, कोकम, सुकी मासळी, लोणची, पापड, कोरडी लाकडे, दिव्याचे तेल. कौले चाळून घ्यायची, कुडाच्या भिंतींना झापे बांधायची. एकदा पाऊस लागला की नदीनाले भरत, होड्या बंद होत आणि बाजार गाठणे कठीण होई. हे ठाऊक असल्यामुळे बायका वैशाखातच कामाला लागत.

आगोट भरणाऱ्या आजीला कोणी भित्री म्हटल्याचे आम्हांला आठवत नाही. पाऊस येणार म्हणून ती रडत बसली नाही, आणि तो येणारच नाही असेही तिने धरले नाही. तिने तयारी केली आणि मग ती निर्धास्त झोपली.

दुसरी गोष्ट अशी की हे काम कोणी एकटीने केले नाही. पापड आज आमच्या ओटीवर लाटायचे, उद्या शेजारच्या. आमच्या आळीत एक एकटी म्हातारी राहत असे. तिची कौले आधी चाळून द्यायची आणि मग आपली, असा आमच्या आजोबांचा दंडक होता.

आज हे आठवण्याचे कारण सांगतो. ते सांगताना आम्हांला थोडी शरम वाटते, पण सांगितले पाहिजे.

आम्ही हजेरी घेतली नाही

आम्ही अशदोदला एका जुन्या इमारतीत राहतो. घरात ममाद नाही, लिफ्ट नाही. मिकलात तळाशी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रात्री-अपरात्री अझाका होऊ लागली, तेव्हा सगळे बिऱ्हाडकरू जिन्याने खाली धावत. आमच्या वरच्या मजल्यावर आपल्यापैकीच एक मावशी राहत असत. वय चौऱ्याऐंशी, एकट्या, कानांना यंत्र. झोपताना त्या यंत्र काढून डबीत ठेवीत.

एका रात्री अझाका झाली. आम्ही खाली बसलो, स्फोटांचे आवाज ऐकले, बरोबर आणलेले पाणी प्यालो, एकमेकांना धीर दिला आणि वर आलो. मावशी खाली नव्हत्या, हे आमच्या लक्षातच आले नाही. त्या गाढ झोपेत होत्या, त्यांनी काही ऐकलेच नव्हते. सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा हे कळले. आम्ही हसून म्हणालो, "मावशी, तुमची झोप मोठी भाग्याची." त्याही हसल्या.

पण त्यानंतर त्यांनी धास्ती घेतली. यंत्र कानात ठेवूनच झोपू लागल्या. चार दिवसांनी पहाटे पुन्हा अझाका झाली. त्या एकट्याच अंधारात, सपाता घालून, धावत निघाल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रॉकेट आमच्या भागात पडलेही नाही. इस्पितळातून त्या थेट वृद्धाश्रमात गेल्या. त्यांचे घर आता दुसऱ्यांना भाड्याने दिले आहे.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही जाता जाता दारावर थाप मारली असती, तर मी तुमचा हात धरून उतरले असते."

आम्ही आयुष्यभर शाळेत शिकवले. सहलीला निघालो की बस सुटण्यापूर्वी मुले मोजायची, परतताना पुन्हा मोजायची. हा नियम कधी मोडला नाही. पण आपल्याच इमारतीत, पंधरा-सोळा माणसे बसली असताना, आम्ही हजेरी घेतली नाही. हा लेख त्या चुकीची भरपाई करू शकत नाही. पण तुमच्या इमारतीत ती चूक होऊ नये, एवढ्यासाठी तो लिहिला आहे.

संकटे कोणती, वेळ किती

आपल्या देशात मुख्यतः तीन प्रकारच्या संकटांची तयारी ठेवावी लागते.

पहिले, रॉकेट आणि क्षेपणास्त्रे. अझाका झाल्यावर सुरक्षित जागी पोचण्यासाठी किती वेळ आहे, हे गावागावानुसार ठरलेले असते. गाझाच्या सीमेलगत १५ सेकंद, अश्कलोनला ३० सेकंद, अशदोदला ४५ सेकंद, बैरशेव्याला ६० सेकंद, तेल अवीवच्या परिसरात ९० सेकंद. २०२५ च्या जूनमध्ये इराणहून क्षेपणास्त्रे आली तेव्हा अंतर लांब असल्यामुळे काही मिनिटे आधी मोबाईलवर सूचना येत असे. तशी सूचना आली तर म्हाताऱ्या माणसांनी अझाकेची वाट पाहू नये, त्याच क्षणी निघावे. तरुणांसाठी ती सूचना असेल, आपल्यासाठी तीच अझाका.

दुसरे, भूकंप. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही मुंबईत शिकत होतो. मांडणीवरची भांडी खणखणली आणि सारी चाळ अंगणात आली. मुंबई वाचली, पण कोयनानगर उद्ध्वस्त झाले. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला हजारो माणसे आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली, ते आपण येथे बसून बातम्यांत पाहिले. इस्रायलमध्ये असे होत नाही, असे पुष्कळांना वाटते. पण यार्देन नदीचे खोरे आणि मृत समुद्र हे जमिनीतील मोठ्या भेगेवरच आहेत. १८३७ च्या १ जानेवारीच्या भूकंपात त्स्फात आणि तिबेर्या ही गावे कोसळली. १९२७ च्या ११ जुलैच्या भूकंपात शेकडो लोक मेले. यरुशलायिम, लोद, रामले येथेही घरे पडली. भूकंपाला टिकेल असे बांधकाम करण्याचे नियम साधारण १९८० पासून नीट लागू झाले. त्याआधीच्या शिकूनमध्ये आपल्यातील पुष्कळ कुटुंबांना प्रथम घरे मिळाली, आणि पुष्कळजण अजून तेथेच आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जवळचा आहे.

तिसरे, वीज किंवा पाणी बंद पडणे. हे युद्धाने होईल, भूकंपाने होईल किंवा कडक उन्हाळ्यात नुसत्या बिघाडाने होईल. तरुण माणूस एक दिवस पंख्यावाचून काढील. साखर, रक्तदाब आणि हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्याला तोच दिवस जड जातो.

दार केव्हा बंद, केव्हा उघडे

येथे एक गोंधळ नेहमी होतो, म्हणून तो शाळेतल्यासारखा सोडवून सांगतो.

अझाका झाली तर ममादमध्ये जायचे आणि दार व लोखंडी खिडकी घट्ट बंद करायची. ममाद नसेल तर मिकलात. मिकलात वेळेत गाठता येत नसेल तर जिन्याची आतली जागा, जिला बाहेरची भिंत व खिडक्या नाहीत. तीन मजल्यांहून उंच इमारतीत आपल्या डोक्यावर निदान दोन मजले असावेत. तीन मजली इमारतीत मधल्या मजल्याचा जिना बरा. जिनाही जमत नसेल तर घरातील सर्वांत आतली खोली निवडावी आणि आतल्या भिंतीला टेकून, खिडकीच्या पातळीखाली बसावे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास येथे बसू नये, कारण फरशा आणि काचा फुटून उडतात. बाहेर पडण्याची सूचना येईपर्यंत बसून राहावे.

भूकंप झाला तर उलट. तळमजल्यावर असून चटकन बाहेर पडता येत असेल तर उघड्यावर जायचे. भिंती, विजेचे खांब, झाडे यांपासून दूर. वरच्या मजल्यावर असाल तर ममादमध्ये जायचे, पण दार व खिडकी उघडी ठेवायची, कारण हादऱ्याने चौकट वाकडी झाली तर दार अडकून बसते. ममाद नसेल तर जिना गाठायचा, आणि जमल्यास खाली उतरत बाहेर पडायचे. तेही जमले नाही तर भक्कम टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीशी बसून डोके हातांनी झाकायचे. लिफ्ट वापरायची नाही. हादरे थांबले की गॅस आणि विजेचे मुख्य बटण बंद करून बाहेर पडायचे, आणि लगेच घरात परतायचे नाही, कारण मागून आणखी धक्के येतात.

थोडक्यात, क्षेपणास्त्राला दार बंद, भूकंपाला दार उघडे. आम्ही हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून फ्रीजवर लावले आहे. नातवंडे हसतात, पण आमच्याकडे आलेली प्रत्येक पाहुणी ते वाचते.

ज्यांच्या घरी ममाद आहे त्यांना एक विनंती. ममाद ही अडगळीची खोली नव्हे. १९९१ मध्ये प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने खोली बंद करून, तोंडावर मुखवटे घालून, रेडिओवर 'नाखाश त्सेफा' हे शब्द ऐकत आपण रात्री काढल्या. त्यानंतरच नव्या घरांत ममाद बांधणे सक्तीचे झाले. त्या खोलीत आज इस्त्रीचे टेबल, पेसाखची भांडी आणि जुन्या बॅगा भरलेल्या असतात. निदान दोन खुर्च्या ठेवण्यापुरती आणि दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा.

आजची आगोट

आता बेगमी. तीन दिवस बाहेरून काही मिळणार नाही, असे धरून चला. त्याहून जास्त करता आले तर उत्तम, पण तिथूनच सुरुवात करावी.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरले तर तीन दिवसांचे बारा लिटर होते. दीड लिटरच्या आठ बाटल्यांत ते भरते. सहा बाटल्यांचा अख्खा गठ्ठा आपल्याला उचलवत नाही. म्हणून तो फोडून बाटल्या सुट्या करून ठेवाव्यात. सहा महिन्यांनी जुन्या वापराव्यात, नव्या ठेवाव्यात. रोश हशाना आणि पेसाख या दोन सणांच्या साफसफाईत बदलल्या की लक्षात ठेवायला वेगळी वही लागत नाही.

खाणे असे असावे की चूल पेटवावी लागणार नाही. येथे आपले मराठी स्वयंपाकघर फार उपयोगी आहे. मलीद्यासाठी घरात पोहे असतातच; ते पाण्याने नुसते भिजवून, साखर किंवा मीठ लावून पोटभर खाता येतात. चुरमुरे, फुटाणे, दाणे, खजूर, गुळाची चिक्की, लोणचे. त्यात इथले ताहिनी, टूनाचे डबे आणि शिजवलेल्या चण्यांचे डबे घालावेत. डबा फोडण्याचे साधन त्याच पिशवीत ठेवावे, आणि ते आपल्या सांधे दुखणाऱ्या हातांना वळते का, हे आधी पाहावे. मधुमेह असलेल्यांनी थोडी साखर किंवा गोळ्या-चॉकलेट वेगळे ठेवावे. रोज खाण्यासाठी नव्हे, साखर एकदम उतरली तर.

औषधे निदान एका आठवड्याची शिल्लक असावीत. शेवटची गोळी घेतल्यावर कुपात खोलीममध्ये जायचे ही सवय मोडली पाहिजे. औषधांची नावे, मात्रा, वेळा, आपले आजार आणि कशाची ॲलर्जी आहे, हे सारे एका कागदावर हिब्रूत लिहून घ्यावे. आपण मराठीत लिहिले तर रुग्णवाहिकेतल्या मुलाला ते वाचता येणार नाही. स्वतःला हिब्रू लिहिणे जड जात असेल तर नातवाला सांगावे. त्याला ते पाच मिनिटांचे काम आहे आणि त्या निमित्ताने त्याला आजीचे आजारही कळतील.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते कसे सांभाळायचे, हे आपल्या औषधविक्रेत्याला आजच विचारून ठेवावे. घरात मातीचे मडके असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याची थंड जागा करता येते. आपल्या माठाचे शास्त्र तेच आहे. बाटलीला पाणी लागू देऊ नये आणि बर्फावर ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ज्यांच्या घरी विजेवर चालणारे प्राणवायूचे यंत्र आहे त्यांनी वीज गेल्यास काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे.

याशिवाय टॉर्च, सुटे सेल, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर, मोबाईल चार्ज करणारी छोटी बॅटरी, चष्म्याची जुनी जोडी, कानाच्या यंत्राचे सेल, दातांच्या कवळीची डबी, शिट्टी, एक उबदार शाल, थोडे रोख पैसे. तेऊदात झेहूतची प्रत, आणि मुलांचे फोन नंबर कागदावर. मोबाईल बंद पडला की आपल्याला आपल्या लेकीचाही नंबर पाठ नसतो.

कागदावर हे आकडेही लिहावेत. पोलीस १००, मागेन दावीद आदोम १०१, अग्निशमन १०२, वीज कंपनी १०३, पिकूद हाओरेफ १०४, आणि पुष्कळ नगरपालिकांत १०६.

हे सारे पाठीवर घेता येईल अशा पिशवीत भरावे, पाणी वेगळे. पलंगाजवळ मागे पट्टा असलेल्या चपला ठेवाव्यात. मावशी सपातांनी पडल्या, हे आम्ही विसरत नाही. जड कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पट्ट्यांनी ठोकून घ्यावी, आणि पलंगाच्या डोक्यावर टांगलेली जड तसबीर तेथून काढावी.

शब्बाथला काय

आपल्या पूर्वजांनी शब्बाथला घाणा बंद ठेवला, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनवार तेली म्हणत. हा अभिमान आपण येथपर्यंत आणला. म्हणून पुष्कळ वडीलधारी माणसे विचारतात की शब्बाथला फोन उचलायचा कसा, दिवा लावायचा कसा. उत्तर आपल्या धर्मातच आहे आणि ते स्पष्ट आहे. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, शब्बाथच्या पुढचे आहे. शब्बाथला रुग्णवाहिका बोलावणे, शेजाऱ्यासाठी फोन करणे, मिकलातकडे धावताना दिवा लावणे यात पाप नाही. शुक्रवारी दिवे लावण्याआधी टॉर्च उशाशी ठेवावा. ट्रान्झिस्टर 'गल शाकेत'वर लावून ठेवावा; त्यावर एरवी शांतता असते आणि सूचना असेल तेव्हाच आवाज येतो. शंका असेल तर आपल्या हाझानला किंवा रब्बींना आधी विचारा. ऐन वेळी विचार करीत बसू नका.

पण शेजाऱ्याला सांगायचे कसे?

पिशवी भरणे सोपे आहे. मित्राला आणि शेजारणीला पिशवी भरायला लावणे कठीण आहे. आम्ही गेली दोन वर्षे हे करून पाहिले. काय चालले आणि काय चालले नाही, ते सांगतो.

भीती घालून काही होत नाही. किती माणसे मेली हे सांगू लागलो की लोक चहाचा कप खाली ठेवतात आणि विषय बदलतात. उपदेशानेही होत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला कोणाचा विद्यार्थी व्हायला आवडत नाही. मदत मागितली की मात्र काम होते. "माझी पिशवी भरायची आहे, जरा येतेस का? काय राहिले ते बघ" असे म्हटले की शेजारीण येते, आमच्या चुका काढते, आणि घरी जाऊन स्वतःची भरते. शाळेतला आमचा अनुभवही हाच. ज्या मुलाला दुसऱ्याला शिकवायला सांगितले, तो स्वतः आधी शिकला.

लोक जी उत्तरे देतात तीही ठरलेली आहेत.

कोणी म्हणतात, "आपले वय झाले, आता जे होईल ते होवो." त्यांना आम्ही सांगतो की मेल्यावर काही त्रास नाही, खरे आहे, पण मावशी मेल्या नाहीत. त्या खुब्याचे हाड मोडून आपल्या घराला मुकल्या. तयारी मरण टाळण्यासाठी जितकी आहे, तितकीच आपल्या घरात आपल्या पायांवर राहण्यासाठी आहे.

कोणी म्हणतात, "मुले आहेत ना." मुले आहेत, पण ती नेतन्यात, मोदीइनमध्ये किंवा कॅनडात आहेत. अशदोदला ४५ सेकंदांत मोदीइनहून कोणी येत नाही. ४५ सेकंदांत येऊ शकतो तो समोरच्या दारातला माणूस, मग तो मोरोक्कोचा असो, रशियाचा असो किंवा कोचीचा. भूकंपातही ढिगाऱ्याखालून पहिल्या तासांत माणसे काढतात ती शेजारीच. मोठी यंत्रे नंतर पोचतात.

कोणी म्हणतात, "एलियाहू हन्नबी रक्षण करील." आम्हीही तेच म्हणतो आणि मलीदा करतो. पण आपल्या आजीने मलीदाही केला आणि आगोटही भरली.

आणि पुष्कळजण काही म्हणत नाहीत. त्यांना कोणाला त्रास द्यायचा नसतो. हे आपल्या लोकांचे वैशिष्ट्य आहे, आणि संकटात तेच घातक ठरते. मावशींनी आम्हांला आधी कधीच सांगितले नाही की मला ऐकू येत नाही, थाप मारा. आम्हीही विचारले नाही. दोघांनाही संकोच वाटत होता.

हजेरीची वही

आता आमच्या इमारतीत आम्ही काय करतो ते सांगतो. खर्च काही नाही.

मिकलातच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावला आहे. त्यावर प्रत्येक बिऱ्हाडाचे नाव आणि पुढे एक खूण. कोणाला ऐकू कमी येते, कोण काठीने चालते, कोणाकडे मेतापेलेत आहे, हे आम्ही त्यांच्या संमतीने लिहिले. आजार लिहिले नाहीत. प्रत्येक अशक्त माणसामागे दोन माणसे नेमली आहेत. दोन अशासाठी की एक बाहेर गेलेला असू शकतो. त्यांचे काम एवढेच: खाली उतरताना दारावर जोराने थाप मारायची आणि हाक द्यायची. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनी किल्लीची एक प्रत शेजाऱ्याकडे दिली आहे. शिवाय उशीखाली ठेवता येतील अशी थरथरणारी साधने मिळतात. त्यांबद्दल नगरपालिकेच्या रेवाखा खात्यात विचारावे.

ज्यांना ठरलेल्या वेळात तळापर्यंत पोचता येणार नाही त्यांनी धावायचेच नाही, असेही आधी ठरवले. घड्याळ लावून, दिवसाउजेडी, कठड्याला धरून जिना उतरून पाहिला. आम्हांला स्वतःला ७० सेकंद लागले. म्हणजे अझाका झाली तर मिकलात आमच्यासाठी नाही. मधल्या मजल्याच्या जिन्याची आतली जागा आहे. तेथे दोन घडीच्या खुर्च्या, वाटेत येणार नाहीत अशा, भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. हे मोजून पाहिल्याशिवाय आम्हांला कळले नसते. तुम्हीही मोजा, पण धावून नव्हे, आणि बरोबर कोणीतरी असताना.

खाली पोचल्यावर हजेरी होते. आमच्यातला एकजण कागद घेऊन नावे वाचतो. उत्तर आले नाही तर फोन करतो. अझाका संपल्याची सूचना आली की दोघे वर जाऊन बघतात. पहिल्या दिवशी रशियन शेजारी हसले. आता नाव वाचायचे राहिले तर तेच ओरडतात.

वआद हाबायितला एक गोष्ट सांगून ठेवावी. मिकलातला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे हे प्रत्येक बिऱ्हाडाला ठाऊक हवे. आत सायकली, गाद्या भरल्या असतील तर तेथे आधी साफसफाई व्हावी. आमच्या मिकलातमधून तीन जुने सोफे निघाले.

मुंबईत १९६५ च्या युद्धात काळोख पाळायचा असे, तेव्हा खिडक्यांना कागद चिकटवून आम्ही बसत असू. चाळीतली मोठी माणसे गॅलरीतून फिरून प्रत्येक दारात विचारीत, "सगळे आहात ना घरात?" त्यांच्याकडे ना यंत्र होते ना मोबाईल. पण कोणाच्या घरात किती माणसे आहेत, हे त्यांना तोंडपाठ होते.

येथे आपण मोठ्या इमारतींत आलो, दारांना दोन-दोन कुलुपे लावली, आणि समोरच्याचे नावही टपालाच्या पेटीवर वाचू लागलो. ही सवय मोडायला सरकारी खाते नको. पुढच्या मलीद्याला किंवा शब्बाथच्या किद्दूशला चार माणसे जमतील, तेव्हा एवढेच विचारा: आपल्यापैकी एकटे कोण राहते, आणि त्यांच्या दारावर कोण थाप मारणार?

आम्ही दर पंधरा दिवसांनी मावशींना भेटायला जातो. त्यांच्या वृद्धाश्रमात खोलीशेजारीच ममाद आहे. आम्ही पाहिले की त्यांच्या बाजूच्या पलंगावरच्या बाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. मावशींना ऐकू येत नाही. दोघींनी ठरवून घेतले आहे. अझाका झाली की बाई मावशींना हलवून जागे करतात आणि मावशी, हातात वॉकर असल्यामुळे, बाईंना आपला पदर धरायला सांगून वाट दाखवतात. दोघींची मिळून पूर्ण तयारी झाली आहे.

वाचकहो, हा अंक खाली ठेवलात की उठा आणि समोरच्या दारावर थाप मारा.